ज्यानं आणलं, त्यानं बसा

"हिला जरा समजावून सांगा" हे वाक्य मॅडमसमोर बोलायची सोय नव्हती. पण लोक बोलायचेच. लग्नाच्या मांडवात, बसस्टँडवर, भाजीच्या गाडीजवळ कुणीतरी त्यांना गाठायचं. सोबत मान खाली घातलेली एखादी सून, नाहीतर बारावीतला पोरगा. "मॅडम, तुमी ते काउन्सेलिंग करता न, मंग इले दोन शब्द समजावून सांगा न जरा." मॅडम हातातली पिशवी खाली ठेवायच्या आणि विचारायच्या, "काय समजावून सांगू?" समोरचा माणूस हुरूप येऊन सांगायला लागायचा. हिनं सासरी नीट राहावं, ह्यानं मोबाइल सोडावा, हिनं झालं ते विसरून जावं. सगळं ऐकून झालं की मॅडम म्हणायच्या, "हे तं तुमी सांगूनच राहिले. त्याले माझं तोंड कायले पायजे? एखादा भोंगा भाड्यानं घ्या."

माणसं दुखावली जायची. ‘तोंडाळ बाई’ म्हणायची. अमरावतीत त्यांना ओळखणाऱ्या निम्म्या लोकांचं तर ठाम मत होतं की ह्या बाईला स्वतःलाच इलाजाची गरज आहे. मॅडमचंही तेच मत होतं. महिन्यातून एकदा त्या नागपूरला जायच्या, तिथल्या एका ज्येष्ठ समुपदेशक बाईंसमोर बसून आपल्या मनातलं सांगून यायच्या आणि ते लपवायच्या नाहीत. "दिवसभर लोकायचं ऐकतो, ते मी कुठं नेऊन टाकू?" यावर लोक हसायचे. दातांच्या डॉक्टरनं स्वतःचा दात दुसऱ्याकडून काढून घेतला तर कुणी हसत नाही. इथं मात्र हसू येतं. का येतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

त्यांची खोली एका बॅटरीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होती. पाटीवर नाव, आडनाव आणि खाली ‘समुपदेशक’ एवढंच. जून-जुलैत हातात फायली घेतलेले पालक जिना चढून यायचे. "इंजिनिअरिंगच्या ऍडमिशनचं काउन्सेलिंग इथंच होते काय?" मॅडम म्हणायच्या, "नाही, इथं माणसाचं होते. करायचं आहे का?" बहुतेक जण घाईघाईनं उतरून जात. एक बाप मात्र थोडा वेळ उभा राहिला आणि खुर्ची ओढून बसला. त्या माणसाबद्दल त्या फार आदरानं बोलायच्या. नाव कधी सांगितलं नाही, काय बोलला तेही नाही. "बसला तो," एवढंच.

साडीवर पांढरे स्पोर्ट शूज घालायच्या. खोलीच्या बाहेर, बाकाशेजारी, एक जुना रेडिओ मोठ्यानं लावून ठेवलेला असायचा, म्हणजे आतलं बोलणं बाहेर बसलेल्यांना ऐकू जाऊ नये. आतल्या टेबलावर सायकलची घंटी होती. बसलेल्यांपैकी कुणी दुसऱ्याच्या वतीनं उत्तर दिलं की मॅडम ती वाजवायच्या. नवरा म्हणाला, "हिला तसं काही वाटत नाही," की ट्रिंग. आई म्हणाली, "त्याला इंजिनिअरच व्हायचं आहे," की ट्रिंग. मोठी माणसं ह्या घंटीनं लाल व्हायची.

पण त्यांचा खरा तऱ्हेवाईकपणा वेगळाच होता. कुणी कुणाला घेऊन आलं, की ज्याला आणलंय त्याच्याशी त्या थोडंसं बोलायच्या आणि त्याला मोकळं करायच्या. ज्यानं आणलं त्याला बसवायच्या. बायकोला ‘सरळ करायला’ घेऊन आलेला नवरा स्वतःच तासभर खुर्चीत अडकून पडायचा, आणि बायको बाहेर बाकावर बसून रेडिओ ऐकायची. लोकांना वाटायचं, फसवणूक झाली.

मलाही असंच आणलं होतं.

माझं माहेर तिवस्याचं, सासर अकोल्याचं. नवऱ्याचं अकोल्यात चष्म्याचं दुकान आहे. लग्नानंतर मी तिथल्याच एका शाळेत आठवी-नववीला गणित शिकवायला लागले. मग लेक झाली. जिलेबी वाटली, बारसं थाटात झालं, माहेरी राहून मी सासरी परत आले. मला फक्त काही वाटत नव्हतं. वर्गात साठ पोरं गोंगाट करायची तेव्हा मला त्यातला प्रत्येक आवाज वेगळा कळायचा. इथं एकच लेकरू रडत होतं आणि ते कुणाचं आहे हे मला आठवावं लागायचं. झोप उडाली. लंगोट घडी घालता घालता मी रडत बसायचे आणि हातातली घडी तशीच राहायची. भरदुपारी लेकीला घेऊन गच्चीवर उभी राहायचे आणि खाली परत कशासाठी जायचं तेच सुचायचं नाही.

घर भरलेलं होतं, आणि प्रत्येकाला माझ्याबद्दल काहीतरी माहीत होतं. "आमाले नाही झाले काय लेकरं?" हे तर रोज. "शिकलेल्या पोरीयचे नखरे लय," हे शेजारणीचं. सगळ्यात कहर म्हणजे, "पोरगी झाली म्हणून नाराज दिसते सून." माझ्या लेकीच्या जन्माला ज्या बाईनं "पुढच्या टायमाले पेढे" असं म्हणत जिलेबी खाल्ली होती, तिचंच हे निदान! नेहमीच्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं आणि "आनंदी राहत जा" म्हणाले. एवढं सांगण्यासाठी हा माणूस इतकी वर्षं शिकला होता. मग सासूबाईंनी मला गाडीत घालून एका महाराजाकडे नेलं. त्यानं माझ्यावरून लिंबू उतरवलं आणि दंडाला ताईत बांधला. माझ्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. सासूबाईंनाच विचारत होता, हिला काय होते म्हणून.

कुणी माझ्याकडे नीट पाहिलं असेल तर लेकीच्या डॉक्टरांनी. लस देण्यासाठी नेलं होतं. सुई लेकीला टोचली, आणि रडायला मी लागले ते थांबेचना. डॉक्टरांनी हातातली सिरिंज ठेवली, नवऱ्याला बाजूला नेलं आणि मॅडमचं नाव सांगितलं. "उशीर करू नका," म्हणाले. अकोल्यातही अशी माणसं होती. पण सासूबाई म्हणाल्या, "अकोल्यात नको. चष्म्याच्या दुकानात सारं गाव येते." शेजारी त्यांनी सांगितलं, आम्ही अंबादेवीच्या दर्शनाला अमरावतीला चाललो. म्हणजे मी मरणाच्या वाटेवर असले तरी चालणार होतं, शेजाऱ्यांना कळता कामा नये.

जिना चढल्यावर सासूबाईंनी पाटी वाचली. आडनाव वाचलं. पदर सावरून घेतला. आत मॅडमनी आम्हा तिघांसमोर पाण्याचे ग्लास ठेवले. उन्हात दोन तासांहून जास्त प्रवास करून आलो होतो, तरी सासूबाईंनी ग्लासाला हात लावला नाही. मॅडमच्या ते लगेच लक्षात आलं, हे मला दिसलं. त्यांनी ग्लास उचलून नेला नाही. आम्ही असेपर्यंत तो तिथंच, त्यांच्यासमोर भरलेला राहिला. आज आठवलं तरी माझं डोकं तापतं. सून बुडत होती, आणि ह्या बाईला ग्लास कुणाच्या घरचा आहे ह्याची पडली होती.

"कोणं आणलं?" मॅडमनी विचारलं.

"आमी आणलं," सासूबाई म्हणाल्या. "इले जरा समजावून..."

"मंग तुमी बसा. भाऊ, तुम्हीही बसा."

नवरा उभाच राहिला. लेक त्याच्या हातात होती, आणि तिला धरून बसायचं कसं हे त्याला येत नव्हतं.

"इले झोप नाही येत," सासूबाई सांगू लागल्या, "इले लेकराची माया..."

ट्रिंग.

सासूबाई दचकल्या. मॅडम माझ्याकडे वळल्या. "ताई, झोप लागते का?"

"नाही."

"जेवण?"

"जातं. चव कळत नाही."

मग त्यांनी आवाज जराही न बदलता विचारलं, "मरावंसं वाटते का?"

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "अवो मॅडम! असं इचारून तुमी तिच्या मनात भरवून देता!"

"भरवत नाही काकू. आहे का ते पाहून राहिलो." त्यांनी माझ्यावरची नजर काढली नाही. बाहेर रेडिओवर सोयाबीनचे भाव सांगणं चाललं होतं. ते संपले, गाणं लागलं, तरी त्या थांबून होत्या. इतक्या दिवसांत माझ्या उत्तरासाठी कुणी थांबलंच नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "माझ्याशिवाय ही बरी राहील असं वाटतं."

"लेकराले काही करावंसं वाटते?"

"नाही."

"बरं झालं सांगितलं." त्या दचकल्या नाहीत, माझा हात हातात घेतला नाही, देवाचं नाव घेतलं नाही. नवरा मात्र लेकीसकट खुर्चीत बसला. त्याच्या चष्म्याच्या काचांवर वाफ धरली होती आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"आता तुमी आत जाऊन झोपा," मॅडम म्हणाल्या. आतल्या छोट्या खोलीत एक खाट होती. "दार लोटून घेतो फक्त. आतून कडी नाही त्याले."

"आणि ही?"

"तिचे बाबा आहेत. आजी आहे. मी आहे. झोपा."

मी झोपले. किती वेळ ते माहीत नाही, खिडकीतलं ऊन सरकून दुसऱ्या भिंतीवर गेलं होतं. बाहेर काय झालं ते पुढं नवऱ्यानंच सांगितलं. लेक रडायला लागली तशा सासूबाई मला उठवायला निघाल्या. मॅडम दारात आडव्या उभ्या राहिल्या. "बसा."

"लेकराले भूक लागली हाय!"

"पावडरचा डबा तुमच्या पिशवीतच दिसून राहिला. गरम पाणी मी देतो."

तो डबा लेकीच्या डॉक्टरांनी अडीअडचणीसाठी दिला होता आणि नवऱ्यानं निघताना बाटलीसकट पिशवीत टाकला होता, पण घरात त्याचं झाकण उघडायला सासूबाईंची बंदी होती. "आईचं दूध असताना डब्याचं कायले?"

"आईचं दूध पायजे असंन तं आधी आई पायजे जागेवर," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या सुनेनं आता काय सांगितलं, आयकलं न तुमी? मंग भूक लेकराचीच दिसते काय तुमाले?"

नवऱ्यानं लेकीला पहिल्यांदा बाटलीनं दूध पाजलं. लंगोट बदलला, तो उलटा. मॅडमनी सुधारून दिला नाही. "जमते, जमते," एवढंच म्हणत राहिल्या. मी बाहेर आले तेव्हा लेक बापाच्या खांद्यावर झोपली होती आणि त्याचा शर्ट पाठीपर्यंत ओला होता. मॅडम फोनवर कुणाशी तरी भांडत होत्या. एका मानसोपचार डॉक्टरांची वेळ मागत होत्या, आजचीच. "उद्या नाही, आजच पाहा. मी कारण सांगितलं तुमाले." फोन ठेवून मला म्हणाल्या, "गोळ्या मी देत नाही, तो माझा अधिकार नाही. ते देतील. बोलायला माझ्याकडे या. हा आजार आहे, बाळंतपणानंतर बायकांना होतो, अन् बरा होतो. तुमच्या स्वभावात काही खोट नाही."

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे पागलाच्या गोळ्या?"

तेव्हा मॅडमचा खरा राग मी पहिल्यांदा पाहिला. त्या ओरडल्या नाहीत. उलट आवाज खाली गेला. "काकू, हा शब्द ह्या खोलीत पुन्हा काढायचा नाही. तुमी बीपीची गोळी घेता. कोणी म्हणलं का तुमाले, रक्त खराब हाय ह्या बाईचं म्हणून?" सासूबाई गप्प झाल्या. पटलं म्हणून नव्हे, असं त्यांच्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं म्हणून. त्याच दिवशी मानसोपचार डॉक्टरांनी मला तपासलं आणि अंगावर पाजत असतानाही चालतील अशा गोळ्या दिल्या. परतीच्या वाटेवर सासूबाईंनी आठवणीनं अंबादेवीचा प्रसाद घ्यायला लावला. घरी गेल्यावर शेजारी दाखवायला.

मग आमच्या अमरावतीच्या फेऱ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी हळूहळू झोप आली. बाकीचं त्या खोलीत झालं. मॅडम कधी माझ्याशी एकटीशी बोलायच्या, कधी आम्हा नवरा-बायकोला समोरासमोर बसवायच्या. एकदा त्यांनी मला सांगितलं, "जे माझ्याकडे पाहून सांगून राहिल्या, ते त्यांच्याकडे पाहून सांगा." मला ते फार जड गेलं. मी नवऱ्याकडे पाहून म्हणाले, "तुम्ही दुकानातून आल्यावर आधी आईंना विचारता, ‘कशी आहे ती?’ मी समोर असते. मला नाही विचारत."

त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "तुला विचारलं तर तू खरं सांगशील, याची भीती वाटायची."

मला त्याचा इतका राग आला की मी उठून बाहेर गेले. मॅडमनी मला परत बोलावलं नाही. मी रेडिओशेजारी बसले, थोड्या वेळानं आपणहून आत आले. मॅडम म्हणाल्या, "हं. आता ह्या आहेत, तुमी आहात. घाबरून घाबरून इचारा, पण इचारा." त्या दिवसापासून तो विचारायला लागला. पहाटे लेकीला घेऊन फिरायचा, म्हणजे मी दुकान उघडायच्या वेळेपर्यंत झोपायचे. गल्लीत बोलणी झाली, पोरगा बायकोच्या हाताखाली गेला म्हणून. आजारी बायकोचं लेकरू सांभाळलं की माणूस हाताखाली जातो, आणि तिला मरू दिलं असतं तर मात्र मर्द ठरला असता!

मॅडमना कुणी "तुम्ही किती संसार वाचवले" म्हणालं की त्यांना ते कौतुक वाटायचं नाही. "संसार वाचवायचा ठेका नाही घेतला मी. माणसं वाचतात का ते पाहतो." मोर्शीकडचं एक जोडपं त्यांच्याकडे यायचं, ते शेवटी वेगळं झालं. मॅडमनी त्यांना एकमेकांवर चिखल न उडवता वेगळं व्हायला मदत केली. दोन्ही घरांनी मॅडमना शिव्या दिल्या. घर मोडणारी बाई! ही गोष्ट मला त्या जोडप्यातल्या बाईनंच बाकावर सांगितली. दोघं आळीपाळीनं मुलाला घेऊन येत होते. मुलगा हसत-खेळत जिना चढायचा. शिव्या देणाऱ्यांपैकी कुणी त्या मुलाकडे पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

सासूबाई प्रत्येक खेपेला सोबत यायच्या, कारण मॅडमनी तशी अटच घातली होती. आल्या की खुर्चीच्या कडेवर बसायच्या. पाण्याचा ग्लास समोर यायचा आणि तसाच राहायचा. एके दिवशी मॅडम मला विचारत होत्या, आठवडा कसा गेला, काय आवडलं, काय जड गेलं. सासूबाई एकदम बोलल्या. घंटी वाजवावी असं ते बोलणं नव्हतं.

"मले कोनं इचारलं होतं?"

मॅडम त्यांच्याकडे वळल्या.

"इले झोपवा, इले इचारा, इले काय आवडते, काय नाही. अन् मले? हा झाला तवा" — त्यांनी नवऱ्याकडे बोट केलं — "मी असीच बसून राहो. रडो. दूध आटलं माहं. सासऱ्यानं भगत बोलावला. म्हणे बाहेरचं लागलं इले. कडूलिंबाच्या डहाळीनं मारलं मले, चौघात, आंगणात. पाठ सोलली. बाया पाहत होत्या. तवा कोनं आणलं मले अमरावतीले? कोनं इचारलं?"

नवऱ्याला हे माहीत नव्हतं. त्याचा जन्म झाल्यावर आईनं मार खाल्ला होता, आणि इतकी वर्षं त्याच अंगणात तो क्रिकेट खेळला होता.

"कुणीच नाही विचारलं," मॅडम म्हणाल्या. "लय वाईट केलं तुमच्यासंगं."

त्यापुढं ‘पण’ आला नाही. ‘पण आता विसरा’, ‘पण तेव्हाचा काळ तसा होता’, असं काही नाही. सासूबाई बोलत राहिल्या, आवाज चढत गेला, घसा बसला, आणि बोलता बोलताच त्यांनी समोरचा ग्लास उचलला आणि रिकामा केला. मॅडमनी पुन्हा भरून ठेवला.

असं काही ऐकल्यावर मन विरघळावं अशी आपल्याकडे अपेक्षा असते. माझं नाही विरघळलं. उलट मी जास्तच पेटले. जिला हे सगळं भोगावं लागलं, जिला ते कसं असतं हे ठाऊक होतं, तिनंच मला महाराजापुढं बसवलं? माझी खुशाली विचारण्याऐवजी शेजाऱ्यांना प्रसाद दाखवला? पुढच्या खेपेला एकटी असताना मी मॅडमना म्हणाले, "मला त्यांची कीव येत नाही. मी वाईट आहे का?"

"माफ करायचं बंधन नाही तुमाले," त्या म्हणाल्या. "कोणी म्हणत असंन, माफ केल्याबिगर मन हलकं होत नाही, तं माझ्याकडे पाठवा त्याले. राग तुमचा आहे, तो खरा आहे. ठेवा. लेकराजवळ जाताना संगं नेऊ नका, एवढंच. इथं आणा."

मी तो राग तिथं नेत राहिले. मॅडमनी कधी तो माझ्याकडून काढून घेतला नाही. त्या रागासकट मी बरी झाले. शाळेत परत गेले. गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केल्या. लेक मला ‘आई’ म्हणून हाक मारायची तेव्हा मी ओ द्यायला लागले, आणि ती माझीच आहे हे आठवावं लागेनासं झालं. आता ती बालवाडीत जाते.

मी बरी होत आले त्याच सुमाराला सासूबाई एकदा म्हणाल्या, "पुढच्या टायमाले मी एकटीच बसतो." त्यांना तिथं नेऊन सोडायचं काम आमच्याकडे आलं. शेजारी सांगायच्या, गुडघ्याच्या डॉक्टरकडे जातो. आत काय बोलायच्या ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, मॅडमनी तर नाहीच नाही.

आणि मग मॅडमना ती जागा सोडावी लागली. खालच्या दुकानदारांनी जागेच्या मालकाकडे तक्रार केली होती. जिन्यात नाही नाही ते लोक बसलेले असतात, कुणी रडत असतं, गिऱ्हाइकाला कसंतरी वाटतं. मॅडम भांडल्या, मालकाला चार शब्द सुनावले, पण जागा त्याची होती. आता त्या एका कॉलनीत स्वतःच्या घराच्या पुढच्या खोलीत बसतात, आणि तिथल्या लोकांचीही कुरकुर सुरू झाली आहे म्हणे, दारात गाड्या लागतात म्हणून. ह्या शहरात दारूच्या दुकानासमोर रांगा लागतात, क्लासच्या दारात पोरं उन्हात ताटकळतात, तेव्हा कुणाला कसंतरी वाटत नाही. माणूस बरं व्हायला जिना चढला की मात्र गिऱ्हाइक घाबरतं.

जुन्या जागेतल्या शेवटच्या दिवसांत सासूबाईंची एक वेळ ठरलेली होती. नवरा गाडी लावायला गेला आणि आम्ही दोघी जिन्यापाशी उभ्या होतो. वर मॅडमचं सामान बांधणं चाललं होतं, दोन खोकी पायऱ्यांवर आली होती. बॅटरीच्या दुकानातला दुकानदार बाहेर आला. सभ्य माणूस, हात जोडून बोलणारा.

"ताई, वरत जाऊन राहिल्या काय? खाली करून राहिल्या त्या. बरंच झालं म्हणा. रोज पागल लोक यायचे न वरत, आमच्या गिऱ्हाइकाले भेव वाटे."

माझे कान तापले. "मीही त्यातलीच आहे," मी म्हणाले. "वर्षभर येत होते मी इथं. तुमच्या समोरून जात होते. कधी भीती वाटली का माझी?"

तो हसला. खरोखर समजूत काढावी तसा हसला. "तुमी नाई वो ताई! तुमी तं चांगल्या घरच्या दिसता."

मी मान वर करून पाहिलं. वर मॅडम दारात येऊन उभ्या होत्या, हातात दोरीचं बंडल. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता ह्या माणसाची धडगत नाही. पण त्या त्याच्याकडे पाहत नव्हत्या, माझ्याकडेही नाही, सासूबाईंकडे पाहत होत्या.

सासूबाईंनी पदर खांद्यावर घेतला. अकोल्यात शेजारणीला गुडघ्याचं सांगून आलेली ती बाई, भर रस्त्यावर, बाजूच्या दुकानांतली माणसं बघत असताना, दुकानदाराला म्हणाली, "मी बी त्यातलीच हावो, भाऊ. अन् घर माहं बी चांगलंच होतं."

मग त्यांनी कठड्याला धरलं आणि चढायला लागल्या. गुडघे खरंच दुखत होते त्यांचे. मी त्यांचा हात धरला नाही, तेवढं माझं मन झालं नव्हतं, आजही झालेलं नाही. पण मी पुढंही गेले नाही. त्यांच्या मागं एक पायरी सोडून चढत राहिले, तोल गेलाच तर धरता यावं म्हणून.